आगकाडीपासून सुरुवात: बडोद्यातून मुलांची सिनेमा-ॲनिमेशन सहल कशी काढावी

बडोद्यातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. शाळेत मुलं मला ‘बेन’ म्हणतात आणि दांडिया बाजारात त्यांच्या आजीबरोबर भेटली की ‘बाई’. दर वर्षी वर्गात तीन-चार मुलं अशी असतातच, जी गणिताच्या वहीच्या कोपऱ्यात एक माणूस काढतात, पुढच्या पानावर तोच जरासा सरकवतात आणि पानं फडफडवून त्याला पळवतात. त्यांच्या आईबाबांचा प्रश्न ठरलेला असतो, “बाई, यात पुढे पोटापाण्याचं काही आहे का?”

या प्रश्नाला तोंडी उत्तर पुरत नाही, दाखवावंच लागतं. म्हणून आम्ही नववी ते अकरावीच्या मुलांना चार दिवस बाहेर काढतो. एक दिवस बडोद्यातच, एक अहमदाबादेत आणि दोन मुंबईत. अशी सहल पहिल्यांदाच काढणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना उपयोग व्हावा म्हणून आमची पद्धत लिहून काढते आहे. तिचा गाभा एवढाच, की शूटिंग आणि नटनट्या बघायला जायचं नाही, काम करणाऱ्या माणसाचं टेबल बघायला जायचं.

पहिली पायरी: शेवटची नावं वाचा

निघायच्या महिनाभर आधी मुलांना घरचा अभ्यास द्या. कुठलाही ॲनिमेशनपट किंवा भव्य दृश्यांचा सिनेमा लावायचा आणि शेवटी पडद्यावर सरकणारी नावं थांबवून थांबवून वाचायची. माणसांची नावं सोडून द्यायची, कामांची लिहून घ्यायची. पहिल्या वेळी आमच्या एका मुलाने वहीत ४० वेगवेगळी कामं लिहून आणली होती. ‘रिगिंग’ म्हणजे काय, ‘फोली’ म्हणजे काय, ‘मॅचमूव्ह’ म्हणजे काय, असे प्रश्न आपोआप निघाले. मुलांच्या डोक्यात तोवर दोनच कामं असतात, नट आणि दिग्दर्शक. ही यादी झाली की सहलीला कशासाठी जातोय हे त्यांना कळलेलं असतं.

यादीतून प्रत्येकाने दोन कामं निवडायची. एक आवडेल असं वाटणारं आणि एक अजिबात न कळलेलं. पुढचे चार दिवस त्याने त्याच दोन कामांचा पाठलाग करायचा. वीस मुलांनी एकच प्रश्न वीसदा विचारण्याचा प्रकार यामुळे टळतो.

दुसरी पायरी: बारा सेकंदांची फिल्म

सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी असतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटींना धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. मिनिटाची ७२०. हे गणित फळ्यावर मांडलं की वर्ग गप्प होतो, पण ते खरं कळतं हाताने केल्यावर.

चार-चार मुलांचे गट करा. एक मोबाइल, पुस्तकांच्या चळतीत पक्का बसवलेला, आणि एक आगपेटी. काड्यांची गुलं कापून टाका, नाहीतर आइसक्रीमच्या काड्या घ्या. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’सारख्या ॲपचा फुकटातला भाग या कामाला पुरतो. काडी थोडी सरकवायची, हात बाहेर काढायचा, फोटो घ्यायचा, पुन्हा सरकवायची. बारा सेकंदांच्या फिल्मला १४४ फोटो लागतात आणि अख्खी दुपार जाते. मध्येच कुणाचा तरी कोपर टेबलाला लागतो आणि सगळं पुन्हा मांडावं लागतं. उन्हाची तिरीप सरकली की चित्रात उजेड लुकलुकतो. खिडकीचे पडदे ओढून एकाच दिव्यावर काम करा, असं मी आधी सांगत नाही. ते त्यांचं त्यांना सापडू देते.

आगकाड्याच का, ते पुढे सांगते.

तिसरी पायरी: पत्रं आणि परवानग्या

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस आम्हाला सोयीचे पडले आहेत. नवरात्रात बडोद्यात कुणी जागेवर सापडत नाही, उत्तरायणानंतर दहावी-बारावीची धावपळ आणि पावसाळ्यात मुंबईला मुलं न्यायची म्हणजे जिवाला घोर. दोन महिने आधी पत्रं लिहायला घ्या.

वीसच्या वर मुलं नेऊ नका. ध्वनिमुद्रणाची खोली किंवा संकलनाची खोली असते केवढी? दहा मुलांत भरते. दोन तुकड्या करून आळीपाळीने आत सोडता येतात, तीन तुकड्या झाल्या की बाहेरच्यांचा गोंधळ सुरू. मोठी माणसं तीन हवीत आणि त्यांत एक बाई हवीच.

पत्रात मोघम लिहू नका. ‘आपल्या संस्थेस भेट देऊ इच्छितो’ या पत्राला उत्तर येत नाही. त्याऐवजी लिहा की अमुक वयाची वीस मुलं आहेत, स्वतः केलेली छोटी फिल्म घेऊन येत आहेत आणि आम्हाला तुमच्याकडच्या एकाच माणसाची चाळीस मिनिटं हवी आहेत. पत्राबरोबर मुलांची आगकाड्यांची फिल्म पाठवा. आमच्यासाठी बरीच दारं त्या बारा सेकंदांनीच उघडली.

मोठ्या व्हीएफएक्स स्टुडिओंत, म्हणजे सिनेमातले दृश्यपरिणाम संगणकावर घडवतात तिथे, कामाच्या मजल्यावर सहसा सोडत नाहीत. न प्रदर्शित झालेल्या सिनेमांची दृश्यं तिथे पडद्यांवर असतात आणि गुप्ततेचे करार फार कडक असतात. फोन दारातच ठेवून घेतात. यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही, मुलांना मात्र आधी सांगून ठेवा. माझा अनुभव असा, की आठ-दहा माणसांचा लहान स्टुडिओ मुलांना जास्त देतो. तिथे एकच माणूस सकाळी पात्र रेखाटतो, दुपारी त्याला हलवतो आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन घेतो. असे स्टुडिओ शोधायचे तर शाळेचे माजी विद्यार्थी गाठा. दर तुकडीतलं कुणी ना कुणी या धंद्यात गेलेलं असतंच.

रेल्वेत शैक्षणिक सहलीच्या विद्यार्थ्यांना सवलत मिळते. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं पत्र आणि मुलांची यादी घेऊन आरक्षण कार्यालयात लवकर जा, अर्ज कसा भरायचा ते तिथेच विचारा. पालकांची लेखी संमती, प्रत्येकाचं ओळखपत्र आणि औषधांची चिठ्ठी एका फाइलीत ठेवा. थेपले आणि लाडू घरून येतातच, त्याबद्दल मी काय सांगावं.

चौथी पायरी: पहिला दिवस आपल्याच गावात

हा दिवस गाळून थेट मुंबई गाठावी असं पुष्कळांना वाटतं. पहिल्या वर्षी मलाही वाटलं होतं. आता मी हा दिवस कधीच सोडणार नाही.

भारतीय सिनेमाचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या दादासाहेब फाळके यांचं शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर बडोद्यातल्या कलाभवनात झालं. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने १८९० साली सुरू झालेली ही संस्था. चित्रकला, साचेकाम, छायाचित्रण असं एकमेकांपासून लांबचं वाटणारं सगळं तिथे शिकायला मिळे. कलाभवनाच्या इमारतीसमोर मुलांना उभं करून मी हे सांगते, आणि पुढचंही सांगते. फाळक्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं, ते बडोद्याला परतले. इथे फोटोचा धंदा मांडला तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो या समजुतीने गिऱ्हाईक येईना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले. पुढे लोणावळ्यात राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी छपाईचं काम केलं. ‘राजा हरिश्चंद्र’ आला तो १९१३ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

मुलांना मी विचारते, यातलं कुठलं काम वाया गेलं? पडदे रंगवणं कलादिग्दर्शनात आलं, जादू ट्रिक फोटोग्राफीत आली, छपाईतून रासायनिक प्रक्रियांची जाण आली. दहावीला कमी मार्क पडले म्हणून खाली मान घालून बसलेलं एखादं पोर इथे मान वर करतं.

आता आगकाड्यांकडे येऊ. १९१५ साली फाळक्यांनी आगकाड्या हलवून एक छोटी फिल्म केली, ‘आगकाड्यांची मौज’. त्याआधी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ दिवसामागून दिवस टिपली होती, तीही चौकट चौकट करूनच. आणि त्यानंतर साठेक वर्षांनी, १९७७ मध्ये, ईशू पटेल यांनी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात हजारो मणी सरकवत ‘बीड गेम’ केली आणि तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. ईशू पटेल शिकले ते आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सला आणि नंतर अहमदाबादेत. एकाने आगपेटी घेतली, दुसऱ्याने मणी. दोघेही या गावच्या रस्त्यांवरून शिकायला जात होते. हे कळलं की आपला महागडा संगणक नाही म्हणून कुरकुरणारं मूल जरा वेळ थांबतं.

फाइन आर्ट्सला आधी परवानगी काढून जा. १९५० साली सुरू झालेलं हे महाविद्यालय आहे. चित्र, शिल्प, उपयोजित कला, ग्राफिक असे विभाग बघा आणि तिथल्या विद्यार्थ्यांशी मुलांना मोकळं बोलू द्या. प्राध्यापकांशी बोलताना मुलं लाजतात, एकवीस वर्षांच्या दादा-ताईशी बोलताना लाजत नाहीत.

दुपारी कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचं स्मारक. नंदलाल बोस यांनी रंगवलेल्या तिथल्या भिंतींवर महाभारतयुद्ध आहे, गंगावतरण आहे, मीराबाईचं जीवन आहे. मुलांना जमिनीवर बसवा आणि एका भिंतीचं सहा चौकटींत स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची चित्रांतली आखणी, करायला सांगा: पहिल्यांदा काय दिसेल, कॅमेरा लांब की जवळ, नजर कुठून कुठे जाईल. हाच अभ्यास रावपुऱ्याजवळच्या तांबेकर वाड्यातही होतो. लाकडी वाड्याच्या आत एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत. गोष्ट खोलीभर फिरते आणि बघणाराही तिच्याबरोबर फिरतो. वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, त्यामुळे उघडा असल्याची खात्री करून जा. फतेसिंह संग्रहालयातली रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं बघितली तर उत्तमच, फक्त सोमवार नको.

संध्याकाळी सेव-उसळ खाऊन सगळ्यांना घरी सोडा. दुसऱ्या दिवशी गाडी पहाटेची असते.

पाचवी पायरी: अहमदाबाद

पालडीत साबरमतीच्या काठी राष्ट्रीय डिझाइन संस्था म्हणजे एनआयडी आहे, १९६१ सालची. ॲनिमेशन फिल्म डिझाइन तिथे शिकवतात. विद्यार्थ्यांच्या पदवीच्या फिल्म बघायला मिळाल्या तर तो दिवस सार्थकी लागला. तिथली आवारभेट परवानगीवर अवलंबून आहे. ती मिळाली नाही तर हट्ट धरू नका, कारण अहमदाबादेत दुसरंही बघण्यासारखं आहे.

आम्ही दुपारी ध्वनिमुद्रणाच्या एका स्टुडिओत जातो. गुजराती चित्रपटांचं आणि जाहिरातींचं बरंच काम या शहरात चालतं. फोली म्हणजे पावलं, कपड्यांची सळसळ, दाराची कडी असे आवाज नंतर हाताने करून चित्राला जोडणं. कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबली की बर्फावर चालल्याचा आवाज येतो, जुन्या कॅसेटची टेप चुरगळली की गवतातून कुणी गेल्यासारखं वाटतं. आमच्याबरोबर एक मुलगा होता, चित्रकलेत यथातथा, आईच्या आग्रहाने आलेला. त्या खोलीतून तो बाहेरच येईना. चित्र येत नाही म्हणून हे क्षेत्र आपलं नाही, असं मानून बसलेल्या मुलांसाठी ही खोली जरूर ठेवा.

आणखी एक गोष्ट बडोद्याच्या मराठी मुलांना मुद्दाम सांगा. घरी मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी, असं आपलं पोर चार भाषांत वावरतं आणि त्याची किंमत त्याला ठाऊक नसते. डबिंग, उपशीर्षकं, संवादलेखन यांत हीच मिळकत असते. माईकसमोर एकेका मुलाला एकच वाक्य चारही भाषांत बोलून बघू द्या.

सहावी पायरी: मुंबई

मुक्कामाची सोय आधी पक्की करा आणि शहरात फिरायला बस ठरवा. वीस मुलं घेऊन सकाळच्या लोकलमध्ये शिरू नका.

पहिल्या दिवशी पेडर रोडवरचं राष्ट्रीय भारतीय सिनेमा संग्रहालय बघा. सरकारसाठी माहितीपट काढणाऱ्या पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात ते आहे आणि २०१९ मध्ये खुलं झालं. जुन्या गुलशन महालात सिनेमाचा इतिहास आहे. नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मुलांसाठीचा फिल्म स्टुडिओ आणि तिसऱ्यावर तंत्रज्ञान. मुलांना सगळ्यात जास्त वेळ या दोन मजल्यांवर द्या. सोमवारी बंद असतं. तिथे असताना हेही सांगा, की फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ साली डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले होते आणि पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून गौरवले गेलेले राम मोहन त्याच विभागात घडले.

दुसऱ्या दिवशी व्हीएफएक्स किंवा ॲनिमेशन स्टुडिओ. बरेचसे अंधेरी-गोरेगाव-मालाडच्या बाजूला आहेत. तिथे कामाची साखळी समजून घ्या. ॲनिमेशनमध्ये गोष्ट, स्टोरीबोर्ड, मग त्याला आवाज लावून केलेलं कच्चं चलचित्र, मग पात्राची घडण, त्याच्या अंगात हाडं-सांधे बसवणं म्हणजे रिगिंग, मग हालचाल, प्रकाश, आणि शेवटी संगणक प्रत्येक चौकट तयार करतो ते रेंडर. व्हीएफएक्समध्ये नव्या माणसाला बहुधा रोटोवर बसवतात. नटाची बाह्यरेषा चौकटीमागून चौकट काढत त्याला मागच्या दृश्यापासून सुटा करायचा. दिवसभर. हे काम प्रत्यक्ष बघायला किंवा निदान कुणाकडून ऐकायला मिळालंच पाहिजे, कारण सुरुवात तिथून होते.

पगाराचं, रात्रपाळीचं, मुदतीच्या आधीच्या आठवड्याचं मोकळेपणाने विचारायला मुलांना सांगा. काम प्रकल्पावर मिळतं, प्रकल्प संपला की नवं शोधावं लागतं, हे लपवू नका. मुलींच्या पालकांच्या वतीने मी स्वतः विचारते की रात्री उशीर झाला तर घरी पोचवायची सोय काय. आम्ही शोधलेला सगळ्यात कामाचा प्रश्न मात्र हा आहे: “काल सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही काय काय केलंत?” ‘या क्षेत्रात कसं यायचं’ म्हटलं की भाषण मिळतं. कालच्या दिवसाबद्दल विचारलं की धंदा दिसतो.

चित्रनगरीला, म्हणजे १९७७ सालच्या गोरेगावच्या फिल्मसिटीला, उरलेला वेळ द्या. सेट मागून कसा दिसतो, प्लायवूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या भिंती कशा उभ्या करतात, हे बघण्यासारखं आहे. तासाभरात होतं.

सातवी पायरी: फी मागणाऱ्यांपासून सावध

एका वर्षी एका खासगी क्लासने ‘स्टुडिओ भेट’ म्हणून आम्हाला बोलावलं. स्टुडिओ नव्हताच. दोन तास कोर्सची जाहिरात ऐकवली, मुलांकडून पालकांचे नंबर लिहून घेतले आणि पुढे कित्येक महिने घरोघरी फोन येत राहिले. मला फार वाईट वाटलं, कारण पालकांनी मुलं माझ्या विश्वासावर पाठवली होती. तेव्हापासून पालकांचा नंबर मुलांनी कुठेही द्यायचा नाही हा आमचा नियम आहे.

सगळे क्लास असे नसतात. पण पैसे भरण्याआधी पालकांनी तीन गोष्टी मागाव्यात. गेल्या तुकडीतल्या सगळ्या मुलांचं काम दाखवा, निवडक दोघांचं नको. शिकवणाऱ्यांनी स्वतः कुठल्या कामावर हात लावला आहे ते दाखवा. मध्येच सोडलं तर फी किती परत, हे लिहून द्या. ‘शंभर टक्के नोकरी’ असं छापलं असेल तर कुठे, कोणत्या कामावर, किती महिन्यांची, ते विचारा. आणि चित्र काढायला शिकवतात का हेही बघा. नुसती बटणं शिकवणारा क्लास दोन वर्षांत जुना होतो. ब्लेंडर आणि क्रिटा ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. २०२५ साली ऑस्कर जिंकलेला लॅटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरवरच केलेला आहे. वर्षभर घरी बसून मूल त्यावर टिकतं का हे आधी बघावं, लाखांचा विचार नंतर करावा.

आठवी पायरी: परत आल्यावर

थकवा गेला की, पण आठवडा उलटायच्या आत, पालकसभा घ्या. त्यात मुलांनीच बोलायचं. प्रत्येकाने आपल्या दोन कामांबद्दल सांगायचं आणि मन बदललं असेल तर तेही. एका मुलीने आईबाबांसमोर सांगितलं होतं की मला चित्र काढायला फार आवडतं, पण दिवसभर पडद्यासमोर बसायला नाही आवडणार. ती आता पुस्तकांची चित्रं करते. त्या सहलीचा मला झालेला हा सगळ्यात मोठा लाभ.

मग प्रवेशाच्या वाटा फळ्यावर लिहा. एनआयडीच्या पदवीसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, परीक्षा दोन टप्प्यांत असते. आयआयटीतल्या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेशपरीक्षा, तीही कुठल्याही शाखेला खुली. या परीक्षा घोकून देता येत नाहीत. रोज एक पान रेखाटन, बसस्टँडवरचं, स्वयंपाकघरातलं, मांडवीच्या गर्दीतलं, हीच तयारी. पुण्याची फिल्म संस्था म्हणजे एफटीआयआय. तिच्या मुख्य अभ्यासक्रमांसाठी आधी पदवी लागते, म्हणून बारावीच्या मुलाने तिच्यासाठी जीव टांगणीला लावू नये. आणि बडोदा सोडायचं नसेल तर फाइन आर्ट्स इथेच आहे. अर्जांच्या तारखा दर वर्षी बदलतात, त्या संस्थांच्या संकेतस्थळांवरून मुलांनाच शोधून कॅलेंडरवर लिहायला लावा.

ज्यांनी वेळ दिला त्यांना मुलांच्या हस्ताक्षरात आभाराची पत्रं जाऊ द्या, प्रत्येकी निराळी. त्यात आपण काय शिकलो ती एक ओळ असावी. गेल्या वर्षी आम्ही पत्राबरोबर आगकाड्यांची दुसरी फिल्म पाठवली, सहलीनंतर केलेली. पहिलीत काड्या नुसत्या सरकत होत्या. दुसरीत एक काडी चालता चालता थांबते, मागे वळून बघते आणि मग निघून जाते.